बेबीचा मोठा हॉल

लेन्सची किंमत पुन्हा वाढली होती. दुकानाच्या काचेमागे ती नेहमीसारखी मखमलीच्या तुकड्यावर ऐटीत बसलेली, पुढच्या काचेवर तीच जांभळट झाक. फक्त तिच्या पायाशी ठेवलेलं किमतीचं कार्ड नवं होतं. ऑफिसातून घरी जाताना रोज तिथं थांबणाऱ्या ड्राफ्ट्समनने ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. पुसल्याने काही फरक पडला नाही.

"आत या," कॅमेरेवाला दारातून म्हणाला. "तुम्ही बाहेर उभे राहिलात म्हणून ती काही खाली उतरायची नाही."

"मागच्या महिन्यात तर कमी होती."

"मागच्या महिन्यात तुम्ही विचार करत होता. तुमचा विचार आणि तिचा भाव, दोघं हातात हात घालून वर चाललेत."

ड्राफ्ट्समन आत गेला. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तो लोकांच्या घरांचे आराखडे काढायचा. दिवसभर लोकांचे ऐसपैस दिवाणखाने, रुंद जिने, दुहेरी उंचीची छतं कागदावर उतरवायची, आणि संध्याकाळी आपल्या दहा बाय अकराच्या हॉलमध्ये कुशीवर वळून शिरायचं, कारण दार उघडलं की ते कपाटाला लागायचं. त्याच्या जुन्या कॅमेऱ्यातही फार काही मावत नसे. त्याने आजवर किल्ल्या टिपल्या, मुंग्या टिपल्या, पानावरचा एखादा थेंब टिपला. अख्खी खोली, अख्खं आभाळ एका दमात टिपावं, असं त्याला फार दिवसांपासून वाटत होतं. त्यासाठी वाइड अँगल लेन्स हवी, आणि वाइड अँगल लेन्स हवी तर ती चांगलीच हवी, म्हणून तो इतके दिवस नुसता थांबत आला होता.

"दुसरा काही पर्याय?" त्याने विचारलं.

"एक जुनी आलीये, पण तिच्या आत बुरशी आहे. भाड्यानेही मिळेल, पण तुमच्यासारखा माणूस भाड्याची वस्तू घरी नेऊन तिला नुसतीच राखत बसणार. आणि ही एक." कॅमेरेवाल्याने खालच्या कप्प्यातून एक खोका काढला. कंपनीचं नाव दोघांनाही नीट वाचता आलं नाही. "फोकस हाताने फिरवायचा. कडेच्या वस्तू जरा ताणते. सरळ रेघ मध्येच पोट सोडते. आणि खिडकी समोर आली की थोडं धुकं धरते."

"धुकं?"

"त्याचे वेगळे पैसे नाहीत."

रविवारी सकाळी बायको नुकताच हॉल आवरून बाजूला झाली होती. ड्राफ्ट्समन कपाट आणि दार यांच्या बेचक्यात पाठ घालून, एक टाच चपलांच्या मांडणीवर टेकवून उभा राहिला आणि श्वास रोखून त्याने त्या खोक्यातल्या लेन्सने एक फोटो काढला.

मग तो त्या फोटोकडे बघतच राहिला. हॉल जणू रात्रीतून अंग मोडून जागा झाला होता. खिडकी लांब, पार मैदानापलीकडे असावी तशी, आणि तिच्यातून येणारा उजेड दुधाच्या सायीसारखा फरशीवर पसरलेला. सोफा एखाद्या नावेइतका लांब झाला होता. भिंती किंचित बाहेर झुकल्या होत्या, या बसा म्हटल्यासारख्या. रेघा सरळ नव्हत्या हे त्याच्यातल्या ड्राफ्ट्समनला खुपलं, पण फार नाही.

बायकोने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "कुणाचं घर आहे हे?"

"आपलंच."

"चेष्टा करू नका."

"तो बघ तुझा पडदा. आणि ती इस्त्री, तू बंद करायला विसरलेली."

तिने आधी इस्त्री बंद केली, मग कॅमेरा हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही.

त्यानंतरच्या संध्याकाळी दोघांनी त्या फोटोत घालवल्या. ती दातांच्या दवाखान्यात स्वागतिका होती. दिवसभर "बसा, बोलावते" असं हळू आवाजात सांगून ती घरी आली की चहा घेऊन दोघं सोफ्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि फोटोतल्या सोफ्याकडे बघत. "त्या कोपऱ्यात एक उंच दिवा हवा," ती म्हणे. "कुठे, वॉशिंग मशीनवर?" तो विचारी. "इथे नाही हो. तिथे." आणि त्यालाही ते लगेच पटे. तिथे जागा होती.

एकदा असाच चहा निवत असताना तिने तो फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला. वर एवढंच लिहिलं, 'आमची रविवारची सकाळ'. यात खोटं काहीच नव्हतं.

माहेर दुसऱ्या गावी होतं आणि माहेरचं कुणी या घरात अजून आलंच नव्हतं. यायची वेळच येत नसे. जे काही व्हायचं ते थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या बंगल्यात. तिथे माणसं मावत, गाड्या मावत, बागेत दोन झोपाळे मावत. "बेबीकडे कुठे जागा आहे," असं कुणीतरी मायेने म्हणायचं, आणि धाकटी बेबी हसून मान डोलवायची. आता मात्र ग्रुपवर एकामागून एक निरोप येऊ लागले. वहिनीने लिहिलं, 'अगं, भिंत पाडलीस की काय?' बायकोने लिहिलं, 'नाही गं, जरा आवरलं फक्त.' हेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट्समन घरी आला तेव्हा ती सोफ्याच्या टोकावर बसली होती, रुग्ण बसतात तशी.

"दादाचा मेसेज आला," ती म्हणाली. "बंगल्यात पॉलिशचं काम काढलंय. आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आपल्याकडे करू म्हणतोय. एवढा मोठा हॉल असताना बाहेर कशाला पैसे घालायचे, म्हणतोय."

"मग तू काय सांगितलंस?"

"काही बोलले नाही. नुसता अंगठा दिला."

"अगं, असा अंगठा देऊनच लोकांची घरं गेलीत आजवर."

"लोकांची गेली असतील. आपलं आलंय."

खरं सांगून टाकायचं असं त्या दोघांनी ठरवलं. तिने वहिनीला फोन लावला, घसा साफ केला, आणि "वहिनी, त्या हॉलचं जरा..." एवढं म्हणाली. पलीकडून वहिनीचा आवाज भरून आला होता. "बेबी, तुला सांगते, आईंनी तो फोटो मोठा करून घेतलाय, उशाशी ठेवलाय. काल म्हणाल्या, या पोरीची फार काळजी वाटायची मला, आता सुटले. बोल, तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही," बायको म्हणाली. "हॉलचे पडदे धुवायला काढलेत."

मग उपाय शोधणं आलं. ड्राफ्ट्समनने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हॉलचा आराखडा काढला, प्रमाणात. येणाऱ्या माणसांचे गोल कापले, दादासाठी जरा मोठा, आणि ते कागदावर मांडून पाहिले. कसेही सरकवले तरी दोन-तीन गोल खिडकीबाहेर पडत. मागून आर्किटेक्ट कधी येऊन उभे राहिले ते त्याला कळलंच नाही.

"कसलं सभागृह हे?"

"घरगुती आहे, सर."

"बाहेर पडायला वाट ठेवा. तसा नियम आहे." जरा थांबून ते म्हणाले, "आत यायलाही ठेवली नाहीये तुम्ही."

सामान हलवायचं ठरलं. जिन्याच्या पलीकडे समोरचे काका एकटेच राहत. हवामान खात्यात अख्खी नोकरी करून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून कुठल्याच गोष्टीला हो किंवा नाही न म्हणणारे. सोफा, कपाट, वॉशिंग मशीन आणि चपलांची मांडणी दिवसभर तुमच्याकडे ठेवू का, असं विचारल्यावर त्यांनी आपल्या खोलीकडे बराच वेळ पाहिलं.

"शक्यता आहे," ते म्हणाले.

वाढदिवसाच्या दुपारी दोघांनी सगळं सामान पलीकडे लोटलं. काकांची खोली यांच्याइतकीच, त्यात त्यांचं स्वतःचं सामान, त्यामुळे काका शेवटी या जोडप्याच्या सोफ्यावरच आडवे झाले, कारण दुसरीकडे पाय ठेवायला जागा राहिली नव्हती. इकडे बायको रिकाम्या हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि हळूहळू स्वतःभोवती फिरली.

"अहो, हा लहान झाला."

"रिकामी खोली लहानच दिसते," ड्राफ्ट्समन म्हणाला. "आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग आधी का नाही बोललात?"

"मी फोटोच डोळ्यासमोर ठेवून चाललो होतो."

ती त्यावर रागावली असती, पण तीही फोटोच डोळ्यासमोर ठेवून चालली होती. तेवढ्यात खाली गाड्यांची दारं वाजली.

पहिला दादा आला. त्याने दारात बूट काढले, बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, "जावईबापू, छान, छान" म्हणत एक पाऊल आत टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसरं टाकायच्या जागी खिडकी होती. मागून वहिनी, मग आत्या, मग मावशी, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, पोरंटोरं असं सगळं माहेर आत येत गेलं आणि भिंतीला पाठ लावून शिस्तीत उभं राहत गेलं. कुणी बसेना. बायकोने सरबत आणलं, ते सगळ्यांनी उभ्यानेच घेतलं. ड्राफ्ट्समनला वाटलं, लोक जागा करून देताहेत, किती समजूतदार आहेत. पाच-दहा मिनिटं पडद्याचं कौतुक झाल्यावर दादा त्याच्या कानाशी वाकला.

"जावईबापू, पॅसेज झकास केलाय. हवेशीर आहे. आता आत नेताय ना? आत्याबाईंचे गुडघे दुखतात."

सारं माहेर पॅसेजमध्ये उभं राहून हॉलचं दार उघडायची वाट बघत होतं.

वहिनीला धीर निघाला नाही. तिने हसत हसत समोरचं दार उघडलं, ते स्वयंपाकघर निघालं. शेजारचं उघडलं, ते न्हाणीघर. तिसऱ्यामागे झोपायची खोली होती आणि तीत गाद्यांचा ढीग. "घर गुंतागुंतीचं बांधलंय," ती म्हणाली. मोकळी हवा घ्यायला ती बाहेर जिन्यावर गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला.

"अहो, हॉल इकडे आहे. हा काय, फोटोतला सोफा."

काकांचं दार उघडंच होतं. सगळी मंडळी सुटकेचा श्वास टाकून जिना ओलांडून तिकडे वळली. सोफा खरंच तोच होता, कपाटही तेच. फक्त सोफ्यावर बनियन घातलेले एक वयस्क गृहस्थ डोळे मिटून पडले होते. जावयाकडचं कुणीतरी वडीलधारं माणूस असावं, असा सगळ्यांचा समज झाला. आत्याने पदर सावरला. दादाने त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"सकाळी निरभ्र होती," काका उठून बसत म्हणाले. "आता सांगता येत नाही."

त्यांनी सरकून जागा दिली, तिथे मावशी बसली. मावशीशेजारी उरलेल्या वीतभर जागेत आत्या बसली. या दोघी एकमेकींशी बोलत नसत. बंगल्यात मावशी एका खोलीत असली की आत्या तिसऱ्या खोलीत असायची आणि सगळं सुरळीत चालायचं. इथे टाळायला जागाच नव्हती. आत्याचा सरबताचा पेला मावशीच्या मांडीवर ठेवल्याशिवाय तिला चष्मा सावरता येईना. काही वेळाने मावशी म्हणाली, "धरते मी. तू सावर." पुढे दोघी काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होत्या. पोरं वॉशिंग मशीनवर चढून बसली. एक चुलतभाऊ कपाटाला टेकून काकांकडून पावसाचं गणित समजावून घेऊ लागला. दादा मात्र मधोमध उभा राहून चारी भिंती मोजत होता.

"हाही लहानच आहे की," तो म्हणाला.

हे सगळं चाललं असताना आई अजून जिनाच चढत होत्या. सावकाश, एकेका पायरीवर थांबत त्या वर पोचल्या तेव्हा डावीकडे गलबला होता आणि उजवीकडे रिकामी खोली. त्या उजवीकडे वळल्या. आत त्यांच्यासाठी मुद्दाम ठेवलेली एकच खुर्ची होती, खिडकीपाशी. त्या तिच्यावर बसल्या आणि त्यांनी समोर पाहिलं. उन्हं कलायला लागली होती, पडदा हलत होता, फरशीवर उजेडाचा एक मऊ, लांबट तुकडा पडला होता.

बायको सरबताचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच थांबली. दारात ड्राफ्ट्समन होता. तोही थांबला.

"हाच ना तो," आई म्हणाल्या. "हीच खिडकी."

"आई, मी सांगणार होते," बायको म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखा हळू झाला होता. "तो फोटो... यांची ती लेन्स जरा ताणते. खोली एवढीच आहे. हे सगळं एवढंच आहे."

"ते दिसतंय मला."

"तुला वाईट वाटलं?"

आई बसल्या जागेवरून एकेक करून बघत राहिल्या. स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता. लेक दिसत होती. जावई दिसत होता. पलीकडच्या दारातून आत्या आणि मावशी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या दिसत होत्या, त्या मात्र त्यांनी दोनदा पाहिल्या.

"तुझ्या दादाच्या घरात मी हाक मारली ना," त्या म्हणाल्या, "तर ती स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही गं. वाटेतच कुठेतरी बसते. सुनेने मला एक घंटी आणून दिली, गुणी आहे बिचारी. पण घंटीला कुणी काय सांगणार? तिला नुसतं वाजता येतं." मग त्या जरा पुढे वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "बेबे."

"काय?"

"काही नाही. ऐकू आलं का, बघत होते."

बायकोने ट्रे खाली ठेवला. ठेवायला टेबल नव्हतं, म्हणून फरशीवर ठेवला आणि तीही तिथेच, त्या उजेडाच्या तुकड्यात, आईच्या पायाशी बसली. ड्राफ्ट्समनला क्षणभर वाटलं, हे टिपून ठेवावं. पण कॅमेरा काकांकडच्या कपाटात होता, आणि जिना ओलांडून परत येईपर्यंत हे असंच राहील याची त्याला खात्री नव्हती. तो नुसता बघत राहिला.

केक दोन्ही घरांच्या मध्ये, जिन्यावर कापला गेला, कारण सगळ्यांना दिसेल अशी तेवढीच एक जागा होती. खालून वर येणाऱ्या एका अनोळखी माणसालाही एक तुकडा मिळाला. निघायच्या वेळी दादा बूट घालत म्हणाला, "चला आई, काळोख पडायच्या आत पोचू."

"तुम्ही व्हा पुढे," आई खुर्चीतून म्हणाल्या. "मी राहते थोडे दिवस."

"इथे? आई, इथे जागा कुठे..." दादाने बेबीकडे पाहिलं आणि वाक्य तसंच सोडून बुटाची नाडी आवळली.

सामान परत आलं. सोफा मात्र काकांनी दुसऱ्या दिवशी दिला. सवय झाली, असं ते म्हणाले. दार पुन्हा कपाटाला लागू लागलं. आईंची कॉट खिडकीखाली बसवली तेव्हा उरलेल्या जागेतून जायला दोघांनाही कुशीवर वळावं लागे, आणि वळताना कुणी ना कुणी कॉटवर बसे, आणि बसलं की आई काहीतरी सांगायला लागत. घरी सगळ्याच गोष्टींना उशीर होऊ लागला. कुणाची तक्रार नव्हती.

थोडे दिवस म्हणता म्हणता बरेच दिवस झाले. एका सकाळी दादाने ड्राफ्ट्समनला ऑफिसात फोन केला. बंगल्यात पॉलिश होऊन फरशी आरशासारखी झाली होती, पण त्याचा आवाज काही चकचकीत नव्हता.

"जावईबापू, एक काम होतं. तुमच्याच लाइनीतलं. आमच्या हॉलमध्ये एक भिंत घालता येईल का?"

"हॉलमध्ये? कशाला?"

"लहान करायचाय. इकडे हाक मारली की तिकडे ऐकू येईल एवढा. मागे तुमच्याकडे आत्या आणि मावशी एका सोफ्यावर बसल्या तेव्हापासून ही रोज म्हणतेय. आणि तसा झाला की आईला परत आणता येईल. आराखडा झाला की गवंडी लगेच लावतो मी. कधीपर्यंत द्याल?"

ड्राफ्ट्समनने आयुष्यात कुणाचा आराखडा लांबवला नव्हता. त्याने दोन दिवसांत देतो म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळी कागद घरीच घेऊन आला. सोफ्यावर फळी ठेवून त्याने दादाचा प्रचंड हॉल आखला आणि मधोमध एक बारीक, सरळ, अगदी निर्दोष रेघ ओढली. आई कॉटवरून वाकून बघत होत्या.

"ही भिंत का?"

"हो. ही घातली की तुमची खोली छान होईल, आई. खिडकीही मिळेल. मग दादा न्यायला येतील."

आईंनी त्या रेघेकडे बराच वेळ पाहिलं. आत बायको भांडी लावत होती, तिचं मध्येच एखादं वाक्य इकडे येत होतं आणि इकडचं एखादं तिकडे जात होतं.

"रेघ चांगली आलीये," आई म्हणाल्या. "पण जावईबापू, भिंत आहे ती. एकदा घातली की घातली. सावकाश होऊ दे. मला काही घाई नाही."

ड्राफ्ट्समनने स्वयंपाकघराकडे पाहिलं. भांड्यांचा आवाज थांबला होता. मग त्याने खोडरबर घेतलं, ती सरळ, निर्दोष रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसून टाकली, आणि पेन्सिलीला टोक करायला बसला.